वेगळा गिलास

तुमी वावरातून यायच्या आधीच मी माह्या भावासंगं शेलूबाजारहून नागपूरच्या गाडीनं चालली. पाय पुन्हा सुजला, चप्पल चढत नाही. भाकरी टोपल्यात हायेत.

अकोल्याच्या दवाखान्याच्या कागदात माह्या रक्तात गुप्तरोग निघाला अन् तुमचं रक्त साफ निघालं, तवापासून तुमी माह्याशी बोलून नाही राह्यले. माह्या भावानं तो कागद नागपूरच्या डॉक्टरीणबाईले दाखवला, त्या म्हणतात, रक्त गोठायच्या एका बिमारीत असा कागद खोटाबी निघते. पाय सुजते, तीनदा गर्भ पडला, तेबी त्याच्यानंच असंन. पुन्हा रक्त घेतील. सांगून सांगून थकली मी.

आपल्या बापाईले हाटेलवाला चहाचा कप वेगळा ठेवे. तुमी माहा गिलास घरातच वेगळा ठेवला. तो मी तुमच्या गिलासाजवळ मांडून चालली. वापस येईन तवा तिथंच दिसला पाहिजे.

भागिरथा