एका दिव्यावर भरलेली बॅटरी

प्रिय सदू,

तुझी फटफटी गेल्या आठवड्यात विकली. तुझ्या बायकोनं, सुमतीनंच ठरवलं, आणि बरोबर ठरवलं. ती बाई फटफटी घेऊन काय करणार? पण ही खबर द्यायला मी लिहायला बसलेलो नाही. मला तुझा संशय आलाय! गेलेल्या माणसाचा संशय घेऊ नये म्हणतात, पण काय करू? खरं सांग, बॅटरीचं ते प्रकरण तू मुद्दाम रचलं होतंस ना?

आठव जरा. शिलाई यंत्रं विकत तू उघडिपीचे महिने आपल्या या मुलखात फिरायचास, आणि पावसानं रस्ते गेले की मुंबईच्या कचेरीत जाऊन बसायचास. फटफटी माझ्या पडवीत. पहिल्याच वर्षी तू तिच्यावर किंतान घातलंस, चाकांखाली फळ्या सरकवल्यास आणि बॅटरी काढून माझ्या हातात दिलीस, तान्हं मूल द्यावं तशी.

"अण्णा, ही नुसती ठेवली तर मरते. दर महिन्याला भरून आणायची. आणि हळूहळू भरायची हं, घाई केली की आतल्या प्लेटा वाकतात."

"भरायची कुठे?"

तू किंतानाची दोरी आवळत होतास. "डायनामो बोर्लीलाच आहे. आप्पाच्या भाताच्या गिरणीत. दुसरा कुठे आहे या बाजूला?"

हे वर न बघता म्हणालास! माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

आप्पाशी, आपल्या थोरल्या भावाशी, मी बोलत नव्हतो, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पालखी विसावते त्या जागेला लागून त्यानं गिरणीची शेड ठोकली. मी इंजिनाच्या पूजेला जायचं नाकारलं. त्यावर आप्पा चार माणसांदेखत म्हणाला, "अण्णाला सांगा, देवाला आयती सावली झाली." सगळे हसले. तूही हसला होतास, सदू. मी पाहिलं होतं.

तरी गेलो. तुझं काम म्हणून गेलो. दोरीची मूठ लावलेल्या लाकडी पेटीत बॅटरी ठेवून, छत्री सांभाळत, चिखल तुडवत. आतलं तेजाब एकदा हिंदकळलं आणि माझ्या धोतराला भोक पडलं. आप्पानं पेटी घेतली, चकार शब्द न बोलता आत नेली, संध्याकाळी परत दिली. मी हातात तोलून पाहिली. गेली होती तेवढीच जड! मग दिवसभर त्यात भरलं ते काय? देव दिसत नाही म्हणून मी कधी शंका घेतली नाही. पण आप्पाची वीजही दिसत नव्हती, आणि आप्पावर माझा देवाइतका भरवसा नव्हता. मला वाटलं, हा पेटी कोपऱ्यात ठेवून देतो आणि तशीच परत करतो.

दसऱ्याला तू आलास तेव्हा मी हे तुला सांगितलं. तू किती गंभीर तोंड केलंस!

"मग समोर बसून भरून घे, अण्णा. नजर ठेव."

"दिवसभर?"

"नाहीतर कळणार कसं?"

पुढच्या पावसाळ्यात मी कोंड्याच्या पोत्यावर बसून पहारा करू लागलो. डायनामोपासून निघालेली तार एका लटकत्या दिव्यातून बॅटरीकडे येत होती. आप्पानं बॅटरीची झाकणं उघडून आत डोकावून पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलला.

"पाणी कुठलं घातलंस हिच्यात?"

"दवाखान्यातलं, वाफेचं. सदूनं सांगितलं तेच."

"नक्की? नाहीतर गंगाजळ ओतलं असशील. तुझा काय नेम!"

मला राग आला होता की हसू, आता सांगता येत नाही. तो रोखून बघत होता म्हणजे संशय त्यालाही होताच. मग आम्ही दोघं एकमेकांवर नजर ठेवून बसलो. दुपारी आप्पाच्या घरून भाकरी आली ती दोघांची आली. पावसाळ्यामागून पावसाळे असेच गेले. बोलायचो काय? तुझ्याबद्दलच, बहुतेक. इंजिनाच्या ठोक्यावर माझं नामस्मरण फार छान लागायचं, पण हे मी आप्पाला कधी कळू दिलं नाही.

यंदा फाल्गुनात फटफटी पडवीत ठेवून तू हिशेब द्यायला मुंबईला गेलास, आणि तिथून तुझ्या तापाची तार आली तेव्हा आम्ही एकाच बोटीनं निघालो. एकमेकांना कळवायला कुणाकरवी निरोप धाडावा लागला नाही. धक्क्यावर उतरताना आप्पानं माझं बोचकं उचललं. मी उचलू दिलं. तुझ्यापर्यंत पोचायला उशीर झाला. पण आलो ते दोघं मिळून आलो, हे तुला दिसलं का रे?

आता संशयाचं मूळ सांगतो. फटफटी घेतली ती आपल्या दाऊदभाईनं, माणगावची सर्व्हिस मोटार चालवतो तो. पडवीतून ती अंगणात काढली, पेट्रोल ओतलं, पाचसहा लाथा हाणल्या आणि फटफट सुरू!

मी ओरडलो, "दाऊदभाई, बॅटरी तर घरात आहे!"

तो पोट धरून हसला. "अवो अण्णा, हिला बॅटरी कशाला लागते? ही मॅग्नेटोवर चालते, ठिणगी आपली आपण पाडते. बॅटरी दिव्याला न् भोंग्याला."

"मग पावसाळाभर भरून ठेवायची ती?"

"ठेवली तर बरंच हाय. नाय ठेवली तर मरते, मग नवीन घ्यायची."

दिव्याला, सदू? दिवस मावळला की तू कुणाच्या तरी ओटीवर पथारी टाकायचास. अंधारात कधी गाडी हाकल्याचं मला तरी आठवत नाही!

दाऊदभाईनं आणखी विचारलं, "आप्पा किती दिव्यांवर भरतात ही?"

"एका."

"एका? मग संध्याकाळ व्हायचीच! जितके दिवे जास्त, तितकी ही लवकर भरते. दोन-तीन लावले असते तरी प्लेटांना काय झालं नसतं. दुपारी जेवायला घरी आला असतात."

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तू आप्पालाही काही सांगून ठेवलं होतंस? की त्यानं एकच दिवा आपल्या मनानं लावला? गेल्या श्रावणात एकदा गिरणीत कुणाचं मूठभर भात नव्हतं, तरी इंजिन दिवसभर चालू होतं. मी विचारलं तर म्हणाला, "पट्टा तपासतोय." दिवसभर पट्टा तपासतात का?

बॅटरी दाऊदभाईनं नेली नाही. म्हणाला, "म्हातारी झाली, मला नको." पडवीत किंतानाची घडी आणि पेटी, एवढंच उरलं. आज सकाळी अंघोळ केली, देवाला फूल वाहिलं, आणि काही विचार करायच्या आत पेटी उचलून बोर्लीची वाट धरली.

फटफटी विकल्याचं आप्पाला ठाऊक होतं. दाऊदभाईनं तिच्यावरून अख्ख्या बाजाराला फेऱ्या घातल्यात. पेटी धरून मी दारात उभा राहिलो. "आता कशाला आणलीस?" एवढंच तो म्हणाला असता, तर मी माघारी फिरलो असतो आणि मग पुन्हा कुठल्या निमित्तानं गेलो असतो?

आप्पानं पेटी घेतली. झाकणं उघडली. बराच वेळ आत बघत राहिला.

"उतरलीय," म्हणाला. "दिवसभर लागेल."

"लागू दे."

त्यानं एकच दिवा अडकवला. शेजारी दोन आकडे मोकळे होते आणि फळीवर दोन दिवे पडले होते. इतकी वर्षं ते मला दिसले नव्हते! मी बघतोय हे त्यानं बघितलं.

"काय बघतोस?"

"काही नाही."

तू काही कबूल करणार नाहीस, सदू, आणि आप्पाला विचारायचा मला धीर नाही. खरं कळलं तर बसायचं कसं? पण एक शब्द तुला देतो. या बॅटरीत जीव आहे तोवर मी दर महिन्याला जाईन. आणि एक दिवस आप्पा झाकणं उघडून म्हणेलच, की अण्णा, संपली रे ही आता. त्या दिवशी मी त्याच्यावर काडीचाही विश्वास ठेवणार नाही.

तुझा,
अण्णा