खाट एक, उमेदवार मी

४ जानेवारी, सकाळ
घाटकोपर, पुलाखाली. मुक्काम तात्पुरता. क्षमाने घराबाहेर काढलं असं लोक म्हणतात. खरं म्हणजे बायकोला शांत व्हायला मीच वेळ दिलाय.
आजपासून सिरप बंद. मुळात ते खोकल्याचं औषध. वीस वर्षं औषध कंपनीचा एम.आर. होतो. औषध कुठलं आणि नशा कुठली, हे मला कोणी शिकवू नये.
शेजारी नंदू. अस्सल गर्दुल्ला. अंगाला मेलेल्या घुशीचा वास. आज माझ्या टॉवेलला नाक पुसलं. शी!

५ जानेवारी
थंडीने खोकला आला. नाइलाज. अर्धी बाटली.
नंदू म्हणाला, काय अण्णा, आज खोकला दोन बाटल्यांचा की तीनचा? असल्यांच्या तोंडी लागत नाही.

९ जानेवारी
संस्थेची अबोली नावाची मुलगी आली. त्यांच्या बेघर निवाऱ्यात एक खाट रिकामी आहे. सर्व्हे करून देणार. डॉक्टर, गरम पाणी, कडी लागणारा संडास!
खाट मिळालीच पाहिजे. जान्हवीची अट आहे, बाबा, आधी नीट कुठेतरी राहा, मग भेटायला येते. सहा वर्षं पोरीचं तोंड पाहिलेलं नाही.
मिळणारच म्हणा. इथे शर्टाला सगळी बटणं असलेला दुसरा आहे कोण?

१० जानेवारी
मुलाखत झकास. फॉर्म कसा भरायचा हे नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. वय: चव्वेचाळीस. त्रेपन्नच्या माणसाला कोण घेतं? व्यसन: नाही. रस्त्यावर: दोन महिने. अबोली खूश दिसली.
नंदूने स्वतःची वाट लावून घेतली. म्हणाला, लिही गं ताई, वय एकसष्ट, बारा वर्षं फुटपाथ, पावडर ओढतो, ती नसली की मिळेल ते. वर खिदळला. किळस आली.

११ जानेवारी
चहावाल्याच्या फोनवरून जान्हवीला निवाऱ्याचा पत्ता दिला. एकोणीसला, रविवारी दुपारी ये म्हटलं. आनंदाने खोकला वाढला.

१४ जानेवारी
खाट नंदूला!
जाब विचारला. अबोली म्हणाली, काका, आमचा अनुभव असा की वय वाढलेलं आणि व्यसन जुनं, की माणूस रस्त्यावर अडकतो तो अडकतोच. म्हणून अशांना आधी. तुम्ही तरुण, निर्व्यसनी, आत्ताच आलेले. तुम्ही काय, आज ना उद्या घरी जाल.
म्हटलं, दुरुस्ती करा. त्रेपन्न. सहा वर्षं. रोज चार बाटल्या. मोठ्याने म्हटलं, चहावालाही वळून बघायला लागला.
ती हसली. म्हणाली, काका, खाट गेली की सगळे असंच सांगतात.

१९ जानेवारी, रविवार
निवाऱ्यासमोर अकरापासून उभा. तिला रस्त्यातच गाठायचं, उडप्याकडे न्यायचं, विषय बदलायचा. प्लॅन पक्का. धीर यावा म्हणून एकच बाटली. मग दुसरी.
जान्हवी आली. हातात डबा. चालणं थेट क्षमाचं. आत विचारलं, यादीत नाव नाही, बाहेर आली. माझ्यापासून चार पावलांवर. हाक मारणार होतो. जीभ जड झालेली.
तिने माझ्याकडे पाहिलं, ओढणी नाकाला लावली आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली.
बरोबर केलं. असल्या माणसांच्या जवळून जायचं नाही, हे मीच शिकवलंय तिला.