कावळ्याला दिलेला शब्द

साखरखेर्डा, जि. बुलढाणा (वऱ्हाड)
ता. २० फेब्रुवारी १९४१

ती. रामराव दाजी यांस शेषरावचा साष्टांग नमस्कार.

आपण व अक्का सुखरूप असाल असे समजून लिहितो. छापखान्यात खिळे जुळवून आपले डोळे दुखत होते, ते आता बरे असावेत. आम्ही बरे आहोत असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहितो. आमच्या थोरल्या भाऊंना जाऊन आज सोळा दिवस झाले. दहाव्याला आपण येऊ शकला नाहीत (अमरावतीहून येणे सोपे नाही, कोणी बोल लावला नाही), म्हणून नदीवर काय झाले ते कळवतो.

पिंड ठेवून आम्ही बाजूला झालो. बाभळीवर तीसेक कावळे होते आणि एकही ओरडत नव्हता. दोन तास झाले तरी कोणी खाली उतरेना. सगळे पिंडाकडे न पाहता माझ्याकडे पाहत होते. (माझा समज असेल.) आमचा चुलतभाऊ कडूबा पुढे होऊन शब्द देऊ लागला. शेत सांभाळतो म्हणाला, पोरीचे लग्न लावून देतो म्हणाला, बैल विकणार नाही म्हणाला. कावळे जागचे हलले नाहीत. ऊन चढले तसा कडूबा भाऊंवरच चिडला. "किसन्या, आता तुले काय पाह्यजे बे? त्या पेपरवाल्याची माफी पाह्यजे काय? घे, हा शेषराव मागाले लावते त्याले." त्याचे बोलणे पुरे व्हायच्या आत कावळा पिंडावर होता.

पेपरवाला म्हणजे आपल्याच छापखान्यात निघणाऱ्या साप्ताहिकाचा चित्रपट-परीक्षक, 'रसमर्मज्ञ'. चिखलीला तंबूत एक बोलपट लागला आहे. भाऊंनी तो चार वेळा पाहिला, दर खेपेला गाडी जुंपून. त्यात आई मरते, आणि पुढे परत येऊन चुलीपाशी बसते, भाकरी थापते, आणि घरात तिला कोणी काही विचारत नाही. हे सांगताना भाऊंचा आवाज बदलत असे. रसमर्मज्ञांनी लिहिले की शेवटी आईला मारून लोकांना रडवणे ही हलकी युक्ती आहे, आणि ती ज्यांना आवडते त्यांची अभिरुची कीव करण्याजोगी आहे. भाऊ म्हणाले, "शेवटी माय जिती असते. यानं खेळ पाह्यलाच नाही." न पाहिलेल्या खेळावर पगार घेऊन लिहिणाऱ्याने आपली अभिरुची काढावी, हे त्यांना फार लागले. त्यांनी तीन कार्डे टाकली. उत्तर नाही. चौथे लिहीत असतानाच छातीत कळ आली.

तेव्हापासून तो अंक मी रात्री पेटीत ठेवतो आणि सकाळी तो ओसरीवर त्याच पानावर उघडा असतो. वहिनी म्हणतात, त्यांनी हात लावला नाही. वारा असेल. पेटीला कुलूप आहे, तरी वारा असेल.

अक्काला फार रडू देऊ नये. आपण डोळ्यांचे औषध सोडू नये.

आपला
शेषराव

ता. क. माफी मिळणे कठीण दिसते. पण त्या साप्ताहिकाचे खिळे आपल्याच हातून जुळतात. 'आई शेवटी परत येते, लिहिण्यात आमची चूक झाली' एवढी एक ओळ आपण घालावी. एकाच प्रतीत घातली तरी पुरे. भाऊ एकच प्रत घेत असत.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी चिखलीला आलो, हे तंबूबाहेर बसूनच लिहितो. तंबूत यंत्र चालवणाऱ्या गुलाम रसूलला दुपारी गाठले. त्याने फितीचे डबे उघडून दाखवले. शेवटच्या दोन डब्यांवरच्या चिठ्ठ्या मागच्या गावी उलटसुलट लागल्या होत्या, त्यामुळे शेवटचा भाग आधी आणि आधीचा शेवटी दाखवला जातो. आई खरोखर शेवटीच मरते आणि परत येत नाही. म्हणजे रसमर्मज्ञांनी खेळ पाहिला होता. (ओळ तरीही घालावी.) गुलाम रसूल म्हणाला, "दोन महिने झाले असंच चालू राह्यलं. मेलेली माय परत आली, पन एका मानसानं काऊन म्हनून इचारलं नाही. आज सीधं लावून देऊ काय?" मी नको म्हणालो आणि आजच्या खेळाचे तिकीट काढले.