कूलरखालचं प्लॅस्टिक

प्रिय इन्स्पेक्टरसाहेब,

फोनवर मी काही महत्त्वाचं बोलायला लागले, की तुझ्यामागची यंत्रं घरघरायला लागतात आणि तू "बघू" म्हणून तुझ्या लाडक्या लेकीला, चिंगीला, फोन द्यायला सांगतोस. म्हणून हे कागदावर. सामानाच्या बोटीतून तुझ्या त्या समुद्रातल्या तेलविहिरीपर्यंत पोचायला वेळ लागेल, लागू दे. हातात पडलं की सुरुवातीपासून वाच, आधी शेवटचं पान उलटून बघू नकोस.

आधी तुझा पराक्रम. निघायच्या दिवशी तू माझ्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोसेसर बसवलास, त्याला गार ठेवणारा नवा कूलर बसवलास आणि "आता उडेल बघ" म्हणालास. उडाला खरा, जेमतेम पाच मिनिटं. मग जो बसला तो उठायचं नाव घेईना. आणि नेमकी तेव्हाच मुलांच्या पुस्तकांच्या त्या प्रकाशकबाईंना शुक्रवारपर्यंत नमुन्याची ॲनिमेशन फिल्म हवी होती, "पोटात गेलेल्या घासाचं काय होतं" यावर. आवडली तर अख्खी मालिका माझी, दोन वर्षांचं पक्कं काम. नाही आवडली तर पुन्हा साबणाच्या जाहिरातींसाठी फेस काढत बसायचं. एवढं तुला माहीत होतं. पुढचं तुला आम्ही मुद्दामच सांगितलं नाही, उगाच तिथे बसून जिवाला घोर लावून घेतला असतास.

तर पडद्यावरचा माझा घास तोंडातून घशात जायलाच अर्धा दिवस लागायला लागला. आई शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि मोबाईलवर सापडेल तो उपाय बातम्या वाचणाऱ्या बाईच्या थाटात मला वाचून दाखवायला लागल्या. रॅम काढून पुन्हा बसवली. अँटीव्हायरस बंद केला. सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं, त्यात एक अख्खा दिवस गेला. आई पडद्याकडे बघून म्हणाल्या, "या वयात मलासुद्धा याच्यापेक्षा लवकर पचतं गं." दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, नवीन आहे, हळूहळू रुळेल. जसं काही मी सुनेची तक्रार करत होते! बुधवारी मात्र मला रडूच आलं. हे काम हातचं गेलं तर पुन्हा असं कोण देणार होतं मला?

गंमत अशी, की वैतागून मशीन बंद करून आम्ही चहा प्यायला उठायचो आणि परत आलो की ते थोडा वेळ छान पळायचं. दोनतीनदा असं झाल्यावर माझी ट्यूब पेटली. तापमान दाखवणारा प्रोग्रॅम टाकला, तर आकडा लालभडक, पाणी उकळायच्या बेतात! पंखा तर गरागरा फिरत होता. मशीन तापत होतं आणि जळू नये म्हणून आपणहून हळू चालत होतं. मग पेटी उघडली. आईंनी बॅटरी धरली, चिंगीने स्क्रू वाटीत जमा केले, मी कूलर उचलला. त्याच्या तळाला, प्रोसेसरची उष्णता अडवत, पारदर्शक प्लॅस्टिक तसंच चिकटलेलं, आणि त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं, "बसवण्याआधी काढा."

अरे, तू! पोटापाण्यासाठी धोक्याच्या पाट्या तपासणारा माणूस. खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तू चमचा भरत नाहीस. मी नवा मिक्सर पुस्तिका न वाचता सुरू केला म्हणून दोन दिवस माझं डोकं खाल्लं होतंस. आम्ही इतक्या हसलो की आई जमिनीवरच बसल्या. चिंगीने ते प्लॅस्टिक फ्रिजवर चिकटवलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते.

मग हसता हसता आईंनी वाटीतला एक स्क्रू उचलला. म्हणाल्या, "हा शाळेत जाताना बुटाची नाडी बांधायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा. घरातून पाय निघत नसला की याचं असंच." आणि मला तो दिवस आठवला. खाली टॅक्सीवाला हॉर्न मारतोय, चिंगी तुझ्या गळ्याला लोंबकळतेय, आणि तू घट्ट बसलेला स्क्रू काढून पुन्हा लावतोयस. मी चिडले होते, उशीर होईल म्हणून. तू शीळ घालत जिना उतरलास, नेहमीसारखाच. इतकी वर्षं ती शीळ ऐकून मला वाटायचं, याला तिकडे आवडतं. किती खुळी मी!

प्लॅस्टिक काढलं, ड्रॉवरमधली तुझी ती प्रोसेसरला लावायची पेस्ट लावून कूलर पुन्हा बसवला, आणि मशीन खरंच उडालं. फिल्म शुक्रवारी वेळेत गेली. बाई फोनवर इतक्या हसल्या, म्हणे ढेकराचा प्रसंग पुन्हा पुन्हा बघितला. मालिका मला मिळाली. काल सही केली.

आता का लिहिलं ते. तुझा करार संपत आलाय, आणि ते लोक नवा कागद पुढे करतील. त्यावर सही करू नकोस. आईंनी आणि मी सगळा विचार केलाय, माझ्या कामावर घर चालेल, आणि आग लागली तर उतरायचे जिने तपासणारी माणसं इथेही लागतात. तू कधी "जायचं नाही" म्हणाला नाहीस. मीही कधी "जाऊ नकोस" म्हटलं नाही, कारण म्हणायची सोय नव्हती. आता आहे. म्हणून पहिल्यांदाच म्हणते, पुन्हा जाऊ नकोस. मला तू घरी हवा आहेस.

दारापर्यंत पोचवून पोचवून कंटाळलेली,
तुझीच