सड्यावरचं काविळीचं झाड

आये, सगळ्यांच्या आधी आली ती सरपंचीण, तीही इस्त्रीची साडी नेसून, तेव्हाच मी ओळखलं की कुठेतरी माझी सही हवी आहे. मागून ग्रामसेवक आणि सावंतवाडीच्या कॉलेजातली एक बाई. मला मात्र काय आनंद! तू गेल्यापासून आपल्या औषधांची चौकशी करायला कोणी उंबरा चढलं नव्हतं. खटखटे लाडू काढले, कोकम सरबत केलं. मग ग्रामसेवक म्हणाला, "आजी, तुम्ही जैवविविधता समितीवर आहात, तीन वर्षं झाली." दिल्लीचा कायदा, त्यावर मुंबईचे नियम, त्या नियमांत बायका हव्यात, म्हणून मी. "माका कोणी सांगल्यान?" म्हटलं. सरपंचीण हसली, "आजये, सही तुझीच आसा!" असेल. ग्रामसभेत पुढे येईल त्या कागदावर मी सही करते. सही करता येते ना, म्हणून.

गावातल्या झाडांची, जनावरांची, औषधांची वही करायची असते, ती झालीही होती. बाईने वाचून दाखवली. सगळं घाटाच्या पायथ्याचं जंगल. वैभववाडीकडच्या कुठल्या तरी गावाची वही उतरवून वर आपल्या गावाचं नाव घातलेलं. "गावाक समुद्र आसा आणि वहीत एक मासो नाय?" माझा पाराच चढला. त्यात सड्यावर, गावावरच्या त्या कातळाच्या माळावर, चिऱ्यांची खाण यायची आहे, नेमकी तुझ्या काविळीच्या औषधाच्या झाडाच्या जागी. बाई म्हणाली, वहीत नोंद असली तर खाणवाल्यांपुढे बोलायला तोंड तरी राहील, आणि औषध गुपित ठेवायचीही सोय आहे. ग्रामसेवक म्हणाला, "आमच्या छापील नमुन्यात तो रकाना नाही."

नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो. शेजारणीला सांगायला निघाले तेव्हा तू हातावर चापट मारली होतीस. पण रागाच्या भरात मी ते सांगून टाकलं, आये. बाईने लिहून घेतलं, म्हणाली, "हे नाव आमच्या पुस्तकांत नाही. झाड दाखवाल?" "दाखयतलंय मगो!" मी ताठ मानेने म्हटलं.

ते गेल्यावर आठवलं. पहाटे तू मला सड्यावर नेतेस, पायवाटेवर पाठ करून उभी करतेस, "फाटी बघू नको गो." खणण्याचा आवाज येतो. तू येतेस ती मूळ पानात गुंडाळूनच. ते मूळ मी कितीदा उगाळलं, वास आजही ओळखेन. झाड मी कधी पाहिलेलंच नाही. सोमवारी सकाळी येतो म्हणालेत.