जेवणाच्या टेबलावरचा मावा

बारामती

ती. इंदिरावन्सं यांस,

आसावरीचा वाकून नमस्कार. वालचंदनगरच्या थंडीत तुमचे गुडघे फार कुरकुरत नसावेत. इकडे सगळ्यांची प्रकृती ठणठणीत आहे, फक्त तुमचे धाकटे बंधू सोडून. (ताप नाही. छंद लागलाय.)

वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने निवृत्तीनंतर चार झाडं लावावीत की नाही? तर यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून कॅमेरा ल्युसिडा नावाचं पितळी यंत्र आणलं. नाव कॅमेरा, पण फोटो काढत नाही! सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर ते बसवायचं, बाजूला आरसा. डोळा लावला की काचेवरचा किडा आणि शेजारच्या कागदावरचा आपला हात एकावर एक दिसतात. मग किडा नुसता गिरवायचा. त्यापायी माझं जेवणाचं टेबल गेलं आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवतोय.

दोनेक महिन्यांपूर्वी कऱ्हाटीचे आप्पासाहेब उसाच्या पानावरचा लोकरी मावा घेऊन आले. (बिचारे फवारणी कोणती करू, एवढंच विचारायला आले होते.) यांनी त्यांना दुपारभर बसवून ठेवलं. शेवटी ते म्हणाले, "सर, मोबाईलवर फोटू निघत न्हाय व्हय?" त्यावर यांनी जे व्याख्यान झोडलं, त्यापेक्षा मावा परवडला. चित्र असं उतरलं की आप्पासाहेबांना तो बटाटा वाटला. हात थरथरतो, पण कबूल कोण करणार? "आसावरी, जरा कडा पक्क्या कर," एवढंच म्हणाले. तेव्हापासून कडा मीच काढते, आणि कडांच्या आतलंही सगळं. सोंड, पाय, लोकरीचा धागा न् धागा. खाली सही मात्र 'प्रा. दत्तोपंत'. राग येतो हो वन्सं, फार येतो.

आता तुमच्या महिला मंडळाच्या हॉलमध्ये त्या चित्रांचं प्रदर्शन, आणि उद्घाटनाला तुम्हीच. हे नवा कोट शिवून घेतायत.

तुमची,
आसावरी

ता. क. यांना समजावून माझं टेबल तेवढं सोडवून द्या, म्हणून हे पत्र.

आणखी एक ता. क. टेबल गेलं खड्ड्यात. कागद सरकू नये म्हणून मी त्यावर डावा हात ठेवते, त्यामुळे यंत्रातून माव्याच्या अंगावर माझी पाटलीही दिसते. प्रत्येक चित्रात मी तीही गिरवली आहे, नक्षीसकट. आप्पासाहेब पुन्हा आले तेव्हा यांनी त्यांना ते 'माव्याचं संरक्षक कवच' म्हणून समजावून सांगितलं. फीत कापून झाली की सगळ्यांसमोर एवढंच विचारा, दत्तू, ही पाटली कुणाची? तुम्ही लगेच ओळखाल. माझ्या लग्नात तुम्हीच दिली होतीत.