अठरा अंशांवर लाल रेघ

रविवार, ११ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

समोर बसून बोलायला लागले की तुम्ही कानातलं यंत्र काढून खिशात टाकता. म्हणून काल जे झालं ते क्रमाने लिहिते.

१. मी दुपारी साडेचारला पोहोचले. बेल वाजली नाही.
२. अकरा मिनिटं दार ठोठावलं. मग आईने उघडलं. तिच्या अंगावर कोट होता आणि कोटावर ब्लँकेट.
३. बेलची तार तुम्ही काढून ठेवली होती. न वाजतासुद्धा ती वीज खाते, हे तुमचं कारण.
४. फ्रिज बंद होता. दूध जिन्यातल्या कोनाड्यात होतं.
५. हीटरच्या प्लगला कागद बांधला होता. त्यावर ‘हात लावू नये’ आणि खाली तुमची सही.
६. बाहेरच्या खोलीत माझ्या तापमापकाने साडेअकरा अंश दाखवले.
७. मला थंडी वाजत नाही, असं आई दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा तिचे दात वाजत होते.
८. मी हीटर लावला. तुम्ही काढला. मी पुन्हा लावला. तुम्ही मेन स्विचच बंद केला.
९. सहाच्या बसने मी परत निघाले. तुम्ही जिन्यापर्यंतही आला नाहीत.

विजेचे दर वर्षात तिसऱ्यांदा वाढले आणि पेन्शन आहे तिथेच आहे, हे मला कळतं. तुम्ही चिक्कू आहात असं मी म्हणत नाही. बिलाचा लिफाफा उघडण्याआधी तुम्ही तो उजेडात धरून बघता, हे मी पाहिलं आहे. पण बिल भरायला मी आहे, असं मी म्हटलं की मुलीच्या पैशावर ऊब घ्यायची वेळ अजून आली नाही, असं तुम्ही म्हणता. मग ती वेळ कशी ओळखायची, तेही सांगा.

एक गोष्ट मात्र चांगली केलीत. मागच्या महिन्यात मी आणलेली फोमची पट्टी चारही खिडक्यांना आणि दाराखालीही नीट बसवलीत. कुठेही फट नाही. त्याने ऊब टिकेल. पण टिकवायला आधी ऊब तर हवी.

रागावला असाल तर रागावूनच लिहा. लिहा मात्र.

तुमची,
मोठी

*

मंगळवार, २० जानेवारी

चि. इन्स्पेक्टरीणबाईंस,
अ. उ. आ.

तुझा नऊ कलमी पंचनामा मिळाला. दहावं कलम विसरलीस. तू निघताना आरोपीने तुझ्या पिशवीत सहा संत्री घातली होती. ती खाल्लीस का, ते आधी कळव.

बेटा, मी एकोणचाळीस वर्षं बॉयलरवर काढली. कान त्याने खाल्ले, पण अक्कल शाबूत ठेवली. माझ्या पाळीत कधी वाफ गळाली नाही की दाब उतरला नाही. साहेब लोक कोळसा मोजायचे, मी धूर बघायचो. धुराड्यातून काळा धूर म्हणजे जळण वाया. धूर दिसला नाही म्हणजे आग पोटभर जेवली. एवढं ज्याला कळतं, त्याला दोन खोल्यांचं घर चालवता येत नाही, असं तुला वाटतं?

आता नवी बातमी. एक युक्ती सापडली आहे. काय ते सांगणार नाही. बिल आलं की तूच विचारत येशील. तुझ्या आईकडूनही वचन घेतलं आहे, तेव्हा तिच्यामागे लागू नकोस. तू आकड्यांची माणूस, म्हणून नुसते आकडे देतो. रोज सकाळी आठला मीटर बघून वहीत लिहितो, आधीच्या दिवशी किती जळलं ते:

मंगळवार ६.८ युनिट
बुधवार २.९
गुरुवार ६.५
शुक्रवार २.७
शनिवार ३.०
रविवार ७.१
सोमवार २.८

जिथे तीन किंवा त्याखाली दिसतंय ना, तो युक्तीचा दिवस. आणि त्या दिवशी खोली अशी ऊबदार, की तुझी आई कोट काढून बसते! रविवारी युक्तीला सुट्टी असते, मग झक मारत हीटर लावावा लागतो. मंगळवारी आणि गुरुवारी माल पुरला नाही.

आईची तब्येत बरी आहे. जरा डोकं धरून बसते, पण ते तिचं लग्नापासूनचं आहे. माझं बोलणं आवडलं नाही की तिचं डोकं दुखतं.

राग केव्हाच गेला. म्हाताऱ्यावर माया ठेव आणि पुढच्या वेळी पंचनाम्यात संत्री लिही.

तुझा,
बाबा

*

बुधवार, २१ जानेवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

हे दुपारी पाय मोकळे करायला गेलेत तेवढ्यात लिहिते आहे. खालच्या इस्त्रीवाल्याच्या हाती पेटीत टाकायला देईन. तू काळजी करशील, म्हणून लिहू नये असं वाटत होतं, पण मन राहीना.

माझं मला कळेनासं झालं आहे. गेल्या बुधवारी संध्याकाळी डोकं इतकं दुखलं, की भिंतीला टेकून बसले. रात्र सरली, सकाळी जिन्यात जाऊन उभी राहिले तर बरं वाटलं. गुरुवारी अगदी छान होते, दोन पुस्तकांना कव्हरं घातली. शुक्रवारी परत तेच, वर उलटी. शनिवारी उठायला गेले तर पायांत जीवच नव्हता, पलंगाच्या कडेला धरलं म्हणून पडले नाही. रविवारी पुन्हा ठणठणीत! बागेपर्यंत चालून आले. ह्यांनी तर टोमणा मारला, की तुझं दुखणं रविवारची सुट्टी घेतं, सरकारी नोकर दिसतंय. मी हसले, पण ठकू, मला हसू येत नव्हतं. सोमवारी परत डोकं.

वय झालं की असं होतं का गं? मला वाटतं, मला काहीतरी मोठं झालं आहे आणि डॉक्टरकडे गेलं की ते नाव कळेल. हेही आताशा बोलताबोलता थांबतात. परवा मीटरचा आकडा तीनदा लिहून तीनदा खोडला. त्यांच्यासारख्या माणसाने!

थंडीचं म्हणशील तर आता तेवढी नाही. त्याबद्दल काही लिहायचं नाही असं मी ह्यांना कबूल केलं आहे. एवढंच सांगते, की इस्त्रीवाला भला माणूस आहे. संध्याकाळी दुकान आवरलं की हाक मारतो. एक पैसा घेत नाही.

ह्यांना हे पत्र कळू देऊ नकोस. आणि सकाळी काही न खाता कामावर पळत जाऊ नकोस, माझी शपथ.

तुझी,
आई

*

बुधवार, २८ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

इस्पितळात तीन दिवस मी तुमच्या शेजारी बसले होते. तुम्ही यंत्र कानात घातलं नाहीत. मीही आग्रह केला नाही. आई घरी आली, काच बसली आणि माझी रजा संपली, म्हणून काल परत आले. जे बोलायचं होतं ते लिहिते.

तुमचं पत्र आणि आईचं पत्र मला एकाच दिवशी मिळालं, शुक्रवारी संध्याकाळी. कामावरून आल्यावर मी दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली. तुमच्या पत्रात युनिट होते, आईच्या पत्रात दुखणं. बुधवार, शुक्रवार, शनिवार, सोमवार. ज्या दिवशी मीटर कमी, त्या दिवशी आई आजारी. मीटर वाढला की आई बरी. आणि दुकान आवरल्यावर इस्त्रीवाला फुकट काय देऊ शकतो, याचं एकच उत्तर होतं. आईने तुम्हाला दिलेलं वचन मोडलेलं नाही. तिला बोल लावू नका.

घरचा फोन तुम्ही केव्हाच काढून टाकलात, म्हणून सात वाजायला दहा मिनिटं असताना मी इस्त्रीवाल्याला फोन केला. तो आनंदाने म्हणाला, की हो ताई, इस्त्रीतले उरलेले निखारे घमेल्यात घालून आत्ताच अर्ध्या तासापूर्वी वर देऊन आलो, काकांना तेवढीच मदत. मी त्याला धावत वर जायला सांगितलं आणि फोन बंद करू नको म्हटलं. त्याने फोन खिशात टाकला. घाईत इस्त्री हातातच राहिली.

मी ठोके ऐकत होते. बेल नव्हती. तुम्हाला ऐकू येत नाही. आई दार उघडायला येईल, याची मी वाट पाहत होते आणि ती येत नव्हती. मी ठोके मोजले. दुसरं काही करता येत नव्हतं. सत्तेचाळीस झाले. तुम्ही दाराला पाठ टेकून बसला होतात, म्हणून हादरे तुम्हाला जाणवले आणि तुम्ही कडी काढलीत. इस्त्रीवाल्याने नंतर सांगितलं, की तुम्ही त्याला ओळखलं नाहीत. आई पलंगावर होती, हाकांना ओ देत नव्हती. त्याने खिडकी उघडायला बघितली. पट्टी इतकी पक्की बसली होती, की ती हलेना. शेवटी त्याने इस्त्रीने काच फोडली. तो आवाजही मी ऐकला. त्यानंतर चार मिनिटं मला काहीच ऐकू आलं नाही, आणि सकाळपर्यंत बस नव्हती.

आणखी किती वेळ गेला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टर सांगत होत्या. मी त्यांना थांबवलं. तो आकडा मला नको होता.

बाबा, धूर नसला म्हणजे विष नसतं असं नाही. निखाऱ्यांतून जो वायू निघतो, त्याला रंग नाही आणि वासही नाही. तो बॉयलरमध्येही होता. पण तिथे साठ फुटांचं धुराडं होतं, ते तो वर ओढून नेत होतं. एकोणचाळीस वर्षं तुम्ही धुराकडे बघत होतात आणि धुराडं तुम्हाला सांभाळत होतं. इस्त्रीवाल्याला काही होत नाही, कारण त्याच्या दुकानाला पुढची भिंतच नाही. घरात धुराडं नव्हतं. फटी होत्या, त्या तुम्ही बुजवल्यात.

त्या बुजवायला पट्टी मी आणली होती. रोज कारखान्यात हाच वायू ओळखणारी यंत्रं तपासते, तरी पट्टी देताना, तुम्ही आत काय पेटवाल, हा प्रश्न मला पडला नाही. वर पत्रातून तुमची पाठ थोपटली. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही तिथे भिंतीकडे तोंड करून बसला होतात आणि चूक एकट्याचीच आहे असं तुम्हाला वाटत होतं.

काल इस्त्रीवाल्याचा फोन आला. मी निघाल्यावर दोन तासांनी तुम्ही खाली गेलात आणि खिडकी उघडी ठेवून, दहाच मिनिटं, म्हणून पुन्हा निखारे मागितलेत. त्याने दिले नाहीत. तो फोनवर रडत होता. मी त्याला धीर दिला आणि फोन ठेवला. तुम्हाला बिलाची भीती वाटते. मला तुमची भीती वाटते, बाबा. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच होत आहे.

म्हणून आता तीन गोष्टी. पार्सलमध्ये निखाऱ्यांचा वायू ओळखून वाजणारी एक पांढरी डबी आहे. ती पलंगाच्या उंचीला लावा. सेलवर चालते, तुमच्या मीटरशी तिचं भांडण नाही. तिचा आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही, आईला येईल. बेलची तार परत जोडा. वीज कंपनीचा निवृत्तांसाठीच्या सवलतीचा अर्ज मी भरून सोबत पाठवला आहे, फक्त तुमची सही हवी. ही भीक नाही. तुमच्याच चुलतभावाने मागच्या वर्षी घेतली आणि चार लोकांत सांगत फिरला.

आणि तुमची वही. ती मी काल उघडली, माफ करा. युनिटच्या रकान्याशेजारी मी तापमानाचा रकाना आखला आहे, माझा तापमापक वहीजवळच ठेवला आहे आणि वर अठरा अंशांवर लाल रेघ मारली आहे. बॉयलरवर दाब लाल रेघेच्या खाली गेला, तर ती पाळीवरच्या माणसाची चूक धरत. कोळसा किती वाचवला, हे मग कोणी विचारत नसे. हे तुम्हीच मला सांगितलं होतं. आता खोली तुमच्या पाळीत आहे. आतल्या खोलीचं दार लावून घ्या, दोघं एकाच खोलीत राहा, हीटर तिथेच लावा. अठराच्या खाली जाऊ देऊ नका. त्यावर जे बिल येईल, त्यातलं पेन्शनमध्ये बसेल तेवढं तुम्ही भरा, उरेल ते मी भरीन. ते पैसे आईच्या हवेचे आहेत, असं समजा.

संत्री मी खाल्ली. सहाही. गोड होती. तुम्ही पिशवीत कधी घातलीत ते मला कळलंच नव्हतं.

माया आहे, ती सांगता येत नाही एवढंच.

तुमची,
मोठी

ता. क. उत्तर मला गुरुवार, १२ फेब्रुवारीपर्यंत मिळावं. त्यात सातही दिवसांचे आकडे लिहा, युनिटचे आणि तापमानाचे, दोन्ही. युनिट मोठे असू द्या. खाली एक ओळ आईच्या अक्षरात हवी. गुरुवारच्या टपालात पत्र नसेल, तर शुक्रवारी पहाटेच्या बसने मी येते.